लाल गाडीचं माहेर

अकोल्याचे आमचे गॅरेजवाले मिस्त्री गाडीच्या मालकाला मालक म्हणत नाहीत. छप्पर उघडता-मिटता येणारी ती लाल गाडी परदेशातून अमरावतीच्या एका डॉक्टरांनी आणली, म्हणून डॉक्टर तिचे बाप. पुढे ती एका जिनिंगवाल्याकडे गेली, मग माझ्याकडे, आणि मी ती तिवशाच्या ठेकेदारांना विकली. आम्ही जुने तिघे म्हणजे तिचं माहेर, ठेकेदार तिचं सासर. विक्री झाली की मिस्त्री बॉनेटवर खण-नारळ ठेवून तिची पाठवणी करतात आणि दसऱ्याला सगळ्यांना गॅरेजमध्ये पूजेला बोलावतात. आम्ही जातोही.

गेल्या दसऱ्याला ठेकेदार चिडूनच आले. "मिस्त्री, छप्पर बंदच होत नाई. तुमीच बिघडवलं न?" मग माझ्याकडे वळले. "काका, तुमच्याकडं तं चांगलं होतं?"

छप्पर माझ्याकडेच अडकलं होतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "हो भाऊ, माह्याच हातून झालं."

ठेकेदार गाडी घेऊन गेले, ते परत येईनात. मी मिस्त्रींना विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"माहेरचं उणं सासरी सांगत नाईत."

गाडीविना मिस्त्री फार वाळले. अखेर मागच्या आठवड्यात मी ठेकेदारांना खरं सांगितलं. ते ओशाळून गाडी घेऊन आले. मिस्त्रींनी तिच्या दारावरून हात फिरवला, माझ्याकडे मात्र पाठ केली.

मी निघालो तेव्हा म्हणाले, "काहून सांगतलं तुमी? आता तिले जलमभर टोमणे आयका लागतीन."