सूड म्हणून टाकलेली विंडोज

मी क्षमा करणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरू नये. आमच्या तालुक्याच्या गावी एक ऑनलाईन सेंटर आहे. जातीचे दाखले, सातबारा, पीकविमा, सगळं तिथंच. त्याच्या मालकाला सगळे भाऊ म्हणतात. मीही म्हणायचे, कारण मी त्याच्याकडे टायपिंगला होते. आता मी त्याला घरी जे म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

भाऊचा धंदा एका वाक्यावर चालायचा, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कधी सर्व्हर खरंच डाऊन असायचा. पण बरेचदा भाऊला जेवायला जायचं असायचं, नाहीतर ओळखीच्या माणसाचं काम आधी उरकायचं असायचं. जंगलाकडच्या गावांतून आलेल्या बायका बाकावर बसून राहायच्या आणि परतीची बस धरायला उठून जायच्या. बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र तो ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायचा. मी यंत्राला हात लावलेला त्याला खपायचं नाही.

माझे बाबा जंगल खात्यात चौकीदार होते. ते गेल्यावर मायला त्यांची पेन्शन मिळते, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला यंत्रावर बोट ठेवून निघतो. त्या वर्षी माय धानाची कापणी टाकून आली, दोनदा परत गेली, आणि तिसऱ्या खेपेला भाऊने तिचा नंबर घेतला. आमचं घर ढिवराचं, मासे धरणाऱ्यांचं. माय मासेमारी सोसायटीसाठी जाळी विणते, लहानपणापासून. नायलॉनचा धागा ओढून ओढून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. यंत्राने दोन्ही अंगठे नाकारले.

भाऊने यंत्र पुसलं, पुन्हा तिचा अंगठा दाबला, आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, मशीन तं म्हणते तू मेली! आता तुले जित्ती कोन करन?"

बाकावरच्या दोघीतिघी हसल्या. मायसुद्धा हसली, म्हणजे तोंड तेवढं हसल्यासारखं केलं. मी टायपिंगच्या खुर्चीवर बसले होते. भाऊने मग यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि म्हणाला, "जाय आता. मासे मारता मारता बोटं खाऊन टाकली तुमी लोकायनं."

मी उठले, पर्स घेतली आणि मायला घेऊन बाहेर पडले. परत त्या खुर्चीवर बसले नाही. बसमध्ये माय खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि आपल्या बोटांची टोकं एकमेकांवर घासून पाहत होती. मला रडू आलं नाही. राग एवढा होता की रडायला जागाच नव्हती. मी तिथंच ठरवलं की मायचा दाखला मीच काढणार, महिना संपायच्या आत, आणि तोही त्याच्या नाकावर टिच्चून.

तो दाखला सेंटरशिवायही काढता येतो, हे मला तिथं काम करून ठाऊक होतं. पण ठरवणं सोपं असतं. माझ्याकडे लॅपटॉप होता, माझ्या भावाने पुण्याहून दिलेला, त्याच्या ऑफिसातून निघालेला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी दुसरी, फुकटात मिळणारी प्रणाली. मी त्यावरच लोकांचे अर्ज, प्रबंध टाईप करायचे आणि ते माझ्या हाताला बसलं होतं. पण बोटाचं यंत्र मागवलं तेव्हा कळलं की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, विंडोजवरच चालतो. फोनवरही चालतं म्हणतात, पण माझ्या फोनचं चार्जिंगचं तोंड इतकं ढिलं की वायर लावून फोन हलवायचीसुद्धा सोय नाही. म्हणजे विंडोज हवी. आणि लिनक्स पुसायचं नव्हतं, माझी सगळी कामं त्यात होती. त्या माणसापायी मी माझं काय म्हणून पुसू? लिनक्सच्या शेजारी विंडोज बसवायची असं मी मनाशी पक्कं केलं.

आता हे सगळं करायला चांगलं इंटरनेट लागतं. आमच्या गावी रेंज यायची तर तलावाच्या पाळीवर उभं राहावं लागतं, तीही वारा असेल तशी. तालुक्याच्या गावी चांगलं नेट दोनच ठिकाणी, एक भाऊचं सेंटर आणि दुसरा बरोबर त्याच्या समोरचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओवाला लग्नांची शूटिंग करतो. मी त्याच्या लग्नपत्रिका टाईप करून द्यायचे, त्यामुळे ओळख होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, टेबल इथी लाव. त्याच्या दारासमोरच लाव. मलेही पाहाचंच आहे."

आधी माझ्या कामांची नक्कल काढून ठेवायची होती. त्याने आपली मोठी बाहेरची हार्ड डिस्क दिली आणि बजावलं, "यात अर्ध्या तालुक्याची लगनं आयेत. माहा जीव आहे यात. सांभाळजो." खरंच होतं. आडनावाप्रमाणे फोल्डर होते, हळद, वरात, मंगल परिणय, बिदाई. माझी कामं त्या लग्नांच्या गर्दीत एका कोपऱ्यात ठेवताना एका फोल्डरवर नजर गेली. भाऊच्या पोरीचं लग्न. सगळ्यात जाडजूड फोल्डर तोच होता.

मग स्टुडिओच्या संगणकावर बसून मी एका पेन ड्राईव्हवर विंडोज बसवायची फाईल तयार केली. दुसऱ्या पेन ड्राईव्हवर माझ्या लॅपटॉपचे ड्रायव्हर उतरवले: वायफायचा, आवाजाचा, पडद्याचा, आणि एक डिस्कचा, ज्याची गरज काय ते मला तेव्हा कळत नव्हतं. कंपनीच्या पानावर होता म्हणून घेतला. लॅपटॉपमधली लिनक्सची जागा आखडून शेजारी विंडोजपुरती मोकळी केली. हे सगळं दुपारचं चाललं होतं, आणि समोर भाऊच्या बाकावर बायका बसलेल्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ पान खात स्टुडिओच्या पायरीवर आला. माझ्या टेबलावरच्या वायरी पाहून म्हणाला, "काऊन वो, लॅपटॉपचं ऑपरेशन करून राह्यली का? जमन का तुले? पाण्यातलं काम नोहे हे."

मी म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे, भाऊ. उद्या या."

स्टुडिओवाला कॅमेऱ्यामागे तोंड लपवून हसला. भाऊ थुंकून निघून गेला. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच घात झाला असता. हात उतावीळ झाले. मी लॅपटॉप पेन ड्राईव्हवरून सुरू केला, भाषा निवडली, अटी न वाचता मान्य केल्या, आणि विंडोज कुठे टाकू असं विचारणाऱ्या पानावर आले. यादीत एकच डिस्क दिसत होती. एकच आहे तर तीच असणार, म्हणून मी ती निवडली. विंडोज म्हणाली, या डिस्कवर मला बसता येत नाही. खाली दोन बटणं होती, डिलीट आणि फॉरमॅट, म्हणजे असेल ते पुसून डिस्क कोरी करणं. मला वाटलं हिला साफ जागा हवी असेल. मी बाण फॉरमॅटवर नेला.

तेवढ्यात डिस्कच्या आकाराकडे लक्ष गेलं. माझी डिस्क एवढी मोठी नाही. मी टेबलाखाली पाहिलं. स्टुडिओवाल्याची हार्ड डिस्क काल नक्कल काढली तशीच लॅपटॉपला लागलेली होती, तिचा निळा दिवा शांतपणे लुकलुकत होता. यादीत दिसत होती ती लग्नं होती. माझी स्वतःची डिस्क विंडोजला दिसतच नव्हती.

तेव्हाच वायर उपटायला हवी होती. पण खरं लिहायचं म्हणून बसले आहे, तर हेही लिहिते. मी बाण लगेच हलवला नाही. समोर भाऊ एका म्हातारीला हात हलवून घालवून देत होता. आणि इथे माझ्या एका बोटाखाली त्याच्या पोरीची हळद होती, त्याचा फेटा होता, आमदाराच्या शेजारी उभं राहून काढलेला त्याचा तो व्हिडिओ होता, जो तो येईल त्याला दाखवतो. चूक झाली म्हटलं असतं तर कोणी दोष दिला नसता. मला मोह झाला, आणि चांगलाच झाला.

पण त्या डिस्कमध्ये बाकीच्यांचीही लग्नं होती, आणि स्टुडिओवाल्याचा जीव होता. शिवाय त्या पोरीने माझं काय घोडं मारलं होतं? सूड घ्यायचा तर असा, की चटका बसला तर त्यालाच बसावा. सुक्याबरोबर ओलं जाळायला मी काही भाऊ नव्हते. मी वायर उपटली. यादी रिकामी झाली.

मग तो डिस्कचा ड्रायव्हर आठवला. दुसरा पेन ड्राईव्ह लावला, 'ड्रायव्हर लोड करा' दाबलं, फोल्डर दाखवला. पडदा थोडा वेळ विचारात पडला आणि मग माझी डिस्क दिसायला लागली, लिनक्सचे तुकडे आणि त्यांच्या शेजारी मी करून ठेवलेली मोकळी जागा. मी मोकळ्या जागेवर बाण ठेवला, दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला, आणि पुढे दाबलं.

विंडोज बसली, पण नावालाच. अक्षरं एवढी मोठी की अर्धा पडदा एका खिडकीने भरला, आवाज नाही, वायफाय नाही. ड्रायव्हर एकेक करून पेन ड्राईव्हवरून टाकले. प्रत्येक ड्रायव्हरनंतर लॅपटॉप बंद होऊन सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी थेट विंडोजच उघडायची. लिनक्स विचारतच नव्हतं. मला वाटलं माझी सगळी कामं गेली. स्टुडिओवाल्याने नेटवर शोधून सांगितलं की सुरू होताना एक कळ दाबून धरायची. ती दाबली तर काळ्या पडद्यावर दोन्ही हजर, वर विंडोज, खाली माझं लिनक्स. मी ते उघडून कामं मोजून पाहिली आणि मगच चहा घेतला.

शेवटी बोटाच्या यंत्राचा ड्रायव्हर टाकला. यंत्राच्या काचेत लाल उजेड आला. मी माझा अंगठा ठेवला, आणि पडद्यावर माझ्या रेषा उमटल्या. स्टुडिओवाल्याने शिट्टी मारली.

महिना संपत आला होता. मायला घेऊन आले. ती स्टुडिओत लग्नाच्या जोडप्यांसाठी ठेवलेल्या सोनेरी खुर्चीवर बसली, अगदी कडेला, जणू खुर्ची मळेल. मी कोमट पाण्याने तिची बोटं धुतली, फडक्याने पुसली. उजवा अंगठा नाकारला, डावाही. तर्जनी, मधलं, तेही नाही. समोर भाऊ आपल्या दारात येऊन उभा राहिला होता आणि हात बांधून पाहत होता.

माय म्हणाली, "राहू दे बाई. बोटंच नाई राह्यली."

जाळ्याची वीण, म्हणजे एकेका भोकाची रुंदी, माय बोटांवर मोजते. मोठ्या मासळीचं जाळं तीन बोटांचं, मधल्याचं दोन, बारीक मासळीचं एक. धागा त्या बोटांना वेढून घट्ट ओढायचा, म्हणून ती सगळी घासली गेलीत. पण करंगळीवर वीण कोणी मोजत नाही. तेवढ्या बारीक जाळ्यात पिल्लं अडकतात, आणि पिल्लं धरणाऱ्या घराला आमचे लोक तलावात जाळं टाकू देत नाहीत. मायने जन्मात करंगळीचं जाळं विणलेलं नाही. मी तिची डावी करंगळी धरली, तिची कातडी बाकीच्या बोटांपेक्षा मऊ लागली. ती काचेवर टेकवली आणि वरून माझं बोट हलकेच दाबलं.

पडद्यावर हिरवी खूण आली.

"काय झालं?" माय म्हणाली.

"जित्ती आहेस तू," मी म्हणाले, आणि पडदा तिच्याकडे वळवला.

दाखला छापायला स्टुडिओत साधा कागदच नव्हता. फोटोच्या चकचकीत कागदावर छापला. मायने तो दोन्ही हातांनी धरला, उजेडात तिरपा करून पाहिला, आणि मला काही न विचारता रस्ता ओलांडून निघाली. मी मागे धावले. भाऊ बाजूला होईपर्यंत ती दारात थांबली. मग तिने तो कागद त्याच्या तोंडासमोर धरला आणि त्याचं वाचून होईपर्यंत धरूनच ठेवला. माय बाकाकडे वळली, सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि म्हणाली, "चाला वो, माह्या पोरीकडं. तिथी सोन्याची खुर्ची आहे."

बाक रिकामा झाला. भाऊ मला म्हणाला, "सारं इथीच शिकली तू, आन मलेच...?"

"हो भाऊ," मी म्हटलं, "माणसाशी कसं वागू नये, ते इथीच शिकली."

लोक सांगतात की सूड घेतल्यावर माणसाला आतून रिकामं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. त्या बायकांची कामं उरकता उरकता बसची वेळ झाली, भूक कडकडून लागली होती, आणि मी इतकी खूश होते की उगाच कोणाशीही बोलत होते. बसमध्ये माय दाखला पदराखाली धरून बसली होती. मला वाटलं तिचं मन भरून आलं असेल, बाबांची आठवण आली असेल. गावाचा फाटा जवळ आला तसं ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या नवंबरात बी मी मरत नाई, पायजो. त्याच्या दारावरून जाऊन येईन."