गादीची चाकरी

नव्या फोमचा तो किंचित रबरी वास आला, की मला टोपी बाजारातलं ते गाद्यांचं दुकान आठवतं. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती आणि घरातल्या कापसाच्या गादीला मधोमध असा खड्डा पडला होता, की सकाळी पलंगाची कड पकडूनच उठावं लागे. सासूबाईंबरोबर नवी गादी बघायला गेले. दुकानदारानं एक गादी पुढे सरकवली आणि म्हणाला, "भाभीजी, हाथ से दबाकर देख लीजिए." मी म्हटलं, "हाथ नहीं दुखता भैया, कमर दुखती है," आणि चपला काढून सरळ आडवी झाले. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे थबकले. सासूबाई पदर सावरत पुटपुटल्या, "ऊठ. भर बाजारात लोळतेस? आपल्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गादीची चाकरी केली आहे, त्याचा तरी मान ठेव." त्यांची गादी म्हणजे संस्थानच्या दरबारची, राजाची. मी छताच्या पंख्याकडे बघत म्हटलं, "चाकरी पुष्कळ झाली, आई. आता ही गादी माझी चाकरी करेल," आणि कुशीवर वळले, कारण मी झोपते कुशीवरच. ती खांद्याला कडक लागली, दुसरीत मी रुतले, मग जिच्यावर कंबर गप्प बसली तीच घेतली. इतक्या वर्षांनी आता ती गादीही थकली आहे. सून म्हणते, "आई, ऑनलाइन मागवू ना, सेम चीज़ है." मी मात्र आज पुन्हा टोपी बाजारात निघाले आहे, पटकन निघतील अशा चपला घालून.