सोळा रंगांतला चेहरा

मी मूळची भित्री. झुरळाला भिते, बँकेच्या खिडकीला भिते, फोन वाजला की दुसऱ्या कोणीतरी उचलावा म्हणून थांबते. अशा माणसाने दुसऱ्यांच्या लग्नांच्या फंदात पडू नये. पण नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी डोंबिवली पूर्वेला एका वधू-वर सूचक मंडळात नोकरीला होते. मंडळ म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची बाहेरची खोली. त्यांना सगळेच बाई म्हणत. भिंतीला फायलींचं कपाट, मधे सोफा आणि खिडकीपाशी भरतकामाचं झाकण घातलेला कॉम्प्युटर. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून मंडळाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली होती.

वेबसाइटचं दुखणं एकच होतं, फोटो. एका पानावर वीस मुली आणि प्रत्येकीचा फोटो स्कॅन करून जसाच्या तसा चढवलेला. टेलिफोनच्या लाइनवर ते पान उघडायचं म्हणजे बघणाऱ्याचा अंत बघणं. फोटो वरून खाली रेघेरेघेने उतरायचा. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. नाकापर्यंत येतो न येतो तोच लाइन तुटायची. एक गृहस्थ सायबर कॅफेतून तडक मंडळात आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडच्या मुलींना हनुवट्या आहेत ना?"

बाईंना ते फार लागलं. "काय वाट्टेल ते कर," त्या मला म्हणाल्या, "पण पान पटकन उघडलं पाहिजे."

मग मी आठवडाभर फोटो हलके करत बसले. आधी लांबी-रुंदी कमी केली, मग रंग. फोटोत सोळाच रंग ठेवायचे असं प्रोग्रामला सांगितलं की तो मुख्य सोळा रंग निवडायचा आणि उरलेली प्रत्येक छटा त्यातल्या जवळच्या रंगात ढकलून द्यायचा. साठ केबीचा फोटो पाच केबीत बसायचा. मला चेवच चढला. चेहऱ्यांकडे माझं लक्षच नव्हतं, मी कोपऱ्यातला केबीचा आकडा बघत होते. पान चुटकीसरशी उघडायला लागलं. बाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं आणि सगळ्यांना कॉफी केली.

त्या वीसजणींत बाळकुमची एक मुलगी होती. सत्तावीस वर्षांची, कोलशेतच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. तिच्या उजव्या कानाखाली मानेवर पांढरा डाग होता, दोन चिंचोक्यांएवढा. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनी पावडर लावून, पदर ओढून, उजेडाकडे पाठ करून तिला दाखवलं होतं आणि लग्न ठरलंही होतं. साखरपुड्याला घामाने पावडर उतरली. मुलाच्या आईने भरल्या घरात "फसवलंत आम्हाला" म्हणून आरडाओरडा केला. तिचे वडील छातीत कळ येऊन खाली बसले ते महिनाभर हॉस्पिटलात होते. हे सगळं तिने फॉर्म भरता भरता सांगितलं, उद्या भाजी काय करायची ते सांगावं तसं. मग पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. केस मागे बांधलेले, मान मुद्दाम वळवलेली, डाग सरळ समोर.

"हाच लावायचा हां," ती म्हणाली. "ज्याला चालत असेल त्यानेच घरी यायचं. बाबांसमोर परत तसलं काही नको."

बाईंना ते पटलं. "फोटोत स्वच्छ दिसतंय ना? मग शब्दांत डांगोरा कशाला पिटायचा?" म्हणून साइटवर तिची उंची, शिक्षण, नोकरी एवढंच लिहिलं. डाग सांगायचं काम एकट्या फोटोवर राहिलं.

एका शनिवारी मी कामावर आले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "अगं, तुझ्या साइटने पहिली जोडी जमवली बघ! बाळकुमची. मुलगा मस्कतला असतो, फोटो बघूनच हो म्हणाला. त्याचे आईवडील उद्या सकाळी मुलीकडे यायला कल्याणहून निघताहेत. फोटोचा कागदसुद्धा छापून घेतलाय त्यांनी."

मी नाचतच कॉम्प्युटर सुरू केला आणि पानावर तिचा फोटो शोधला.

तिची मान गव्हाळ होती. कानापासून खांद्यापर्यंत एकसारखी गव्हाळ. डाग नव्हता.

वाटलं, स्क्रीनच खराब झालाय. पुसून बघितला. मग कपाटातून तिची फाइल काढून मूळ फोटो शेजारी धरला. डाग तिथे होता, तिने दाखवायचा ठरवला होता तसाच. त्या एवढ्याशा पांढऱ्याला सोळा रंगांत जागा मिळाली नव्हती. प्रोग्रामने त्याला जवळच्या रंगात ढकललं होतं आणि मी पाच केबीचा आकडा बघून खूश झाले होते. पावडर घामाने उतरते तरी. मी लावलेली उतरणार नव्हती.

डोळ्यांसमोर उद्याची सकाळ उभी राहिली. ते छापलेला कागद घेऊन बसणार, ती चहा घेऊन येणार, मुलाच्या आईची नजर मानेवर जाणार. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत ते वडील.

बाईंना सांगायचं धैर्य झालं नाही. मी गुपचूप फोटो नव्याने केला, सगळे रंग ठेवून. चढवायला गेले तर लाइन तीनदा तुटली. दर वेळी मोडेमची किरकिर सुरू झाली की बाई आतून विचारायच्या, "काय गं, काय चाललंय?" आणि मी म्हणायचे, "काही नाही, बाई." जेवणाच्या वेळेला फोटो एकदाचा चढला. आता साइटवर डाग होता. कोणी भांडत आलं तरी मी म्हणू शकत होते, हा बघा, दिसतोय की. माझ्यावर काही येणार नव्हतं. हे सुचलं तेव्हा मला माझीच भीती वाटली.

डबा उघडलाच नाही. चारच्या सुमाराला बाई चहा घेऊन आल्या आणि मी कपाकडे बघत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता नोकरी गेली. बाईंनी टेलिफोनची डायरी उघडून कल्याणच्या नंबरावर बोट ठेवलं.

"फोन तू करायचा," त्या म्हणाल्या.

"बाई, मला नाही जमणार हो. तुम्ही करा ना."

"चूक तुझ्या हातची आहे. सांगायचंही तुझ्याच तोंडाने."

पहिल्यांदा नंबर चुकला, मी परत फिरवला. पलीकडे मुलाची आई होती. मी एका दमात सांगितलं: मुलीच्या मानेवर पांढरा डाग आहे, तिने तो दाखवणाराच फोटो दिला होता, तो माझ्या हातून पुसला गेला, तिच्या घरच्यांनी काही लपवलेलं नाही. पलीकडून आवाज आला, "बरं झालं सांगितलंत. आम्ही विचार करून कळवतो." लग्नाच्या बाजारात या वाक्याचा अर्थ एकच. ते उद्या येणार नव्हते.

बाईंनी बाळकुमला मुलीच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप दिला. ती सोमवारी कामावरून थेट मंडळात आली. मी रविवारभर माफीची वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही धड बोलता आलं नाही. तिने ओरडावं, रडावं, मला दोन शिव्या द्याव्यात असं वाटत होतं.

"बाबांना कळलं?" मी विचारलं.

"त्यांना सांगितलं, पाव्हण्यांना अचानक काम निघालं. बरे आहेत." ती खुर्ची ओढून बसली. "कुठला फोटो बघून हो म्हटलेलं त्याने? दाखव."

मी कॉम्प्युटरवर राहिलेला सोळा रंगांतला फोटो स्क्रीनवर आणला.

"डिलीट कर," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझ्यासमोर कर."

मी बटण दाबलं. नक्की काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. माझं बोट खाली जाणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"थांब जरा."

ती खुर्चीत पुढे सरकली. तिचा दुसरा हात आपोआप कानाखाली गेला होता आणि ती त्या एकसारख्या मानेकडे बघत होती. झुरळापासून बाईंपर्यंत कशाचीही मला वाटली नव्हती एवढी भीती त्या बघण्याची वाटली. माझं मनगट तिच्या हातात होतं, आणि मलाही हलायचं नव्हतं.

मग तिने हात सोडला.

"आता कर," ती म्हणाली.