आत्याची विहीर आणि माझ्या तीन बाटल्या

पाणी तपासणं हा माझा धंदा. अकोल्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या पाण्यात खोट काढतो, आणि घरी चहालाही तीच नजर लावतो अशी बायकोची तक्रार आहे. पण माझ्या आत्याच्या विहिरीनं मला जेवढं छळलं, तेवढं कुणीच नाही.

बडनेऱ्यापलीकडे आत्याची भाजीची वाडी. शेजारी रंगाचा कारखाना आला आणि विहिरीच्या पाण्यावर फेस दिसू लागला. त्यात शिसं, क्रोमियम उतरलंय का, हे कळायलाच हवं होतं. सगळं घर आणि सगळी मेथी त्याच पाण्यावर. मी बाटली देऊन आलो. पाण्यातले धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून तिच्या तळाशी मुद्दाम चार थेंब आम्ल असतं, ते सांडायचं नाही, बाटली धुवायची नाही, असं तीनदा बजावलं.

बाटली परत आली ती लखलखीत होऊन.

"वास मारत होती बाप्पा, राखेनं घासली," आत्या म्हणाली. "तुया साहेबाले घाण बाटलीत पाणी द्याचं का?"

दुसऱ्या बाटलीतलं पाणी नव्या फडक्यातून गाळलेलं, तुरटी फिरवलेलं, वर तुळशीचं पान. मी भडकलोच.

"आत्या, पाणी तपासायचंय, पोरगी दाखवायची नाही!"

"कावून? चार लोकं पायतीन. माया इहिरीले काई इज्जत हाये का नाई?"

तिसऱ्यांदा मीच जाऊन बादली सोडली. आत्या काठावरून विहिरीला धीर देत होती, "भेऊ नको, घरचाच पोट्टा हाये."

रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तिनं नेहमीसारखा गूळ आणि पाण्याचा पेला पुढे केला. लहानपणापासून मी इथं आल्या आल्या दोन पेले रिचवतो. त्या दिवशी गूळ खाल्ला. पेला हातातच राहिला.

आत्यानं आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आला वाटते तुया रिपोर्ट."

मी मान हलवली. मला फार वाईट वाटत होतं. तिनं पेला काढून घेतला, सवयीनं मेथीच्या वाफ्याकडे वळली आणि थांबली. मग तुळशीकडे गेली. तिथंही थांबली.

"आता हे कुठी टाकू, सांग बाप्पा," ती म्हणाली.