दारातली हजेरी

मार्थाताई पाटोळे शाळेत कधी हजेरी घेत नसत. हजेरी त्या मुलांच्या दारात घेत. सकाळी साडेसातला हजेरीबुक काखेत मारून त्या इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यांमागच्या वस्तीत शिरायच्या आणि एकेका दारासमोर उभ्या राहून खणखणीत आवाजात नाव पुकारायच्या. आतून "आलो ताई!" ऐकू आलं की पेन्सिलीनं खूण करून पुढे. नाही आलं, तर त्या उंबऱ्यातच बसत. "शाळेत आलेल्याची हजेरी घेण्यात काय बहादुरी?" त्या म्हणत. "जो आला नाही, त्याचीच घ्यावी लागते."

मी बी.एड. करून दोन वर्षं घरी बसले होते. आजोबा महूच्या छावणीत शिपाई, वडील बँकेत. आमच्या बौद्ध घराचा चर्चशी संबंध असा काहीच नव्हता. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये एक बाई वस्तीतल्या मुलांची शाळा चालवतात आणि त्यांना मदतीला कुणी हवंय, एवढं कानावर आलं म्हणून मी गेले. तेव्हा मार्थाताई खुर्चीवर चढून पंखा पुसत होत्या. वरूनच त्यांनी विचारलं, "बच्चों से डर लगता है?"

"नाही," मी म्हणाले.

"मला लागतं. खरं बोलणारी मिळाली असती तर बरं झालं असतं. चल, खुर्ची धर."

हीच माझी मुलाखत. खाली उतरल्यावर त्यांनी माझं आडनाव विचारलं, जरा हसल्या आणि म्हणाल्या, "तू बुद्धाची, मी ख्रिस्ताची. पाढे दोघींचे सारखेच आहेत ना? मग झालं."

त्या मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या. नवरा पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये खराद, म्हणजे लेथ मशीन, चालवायचा. तो गेल्यावर त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांची मुलं त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसवायला सुरुवात केली. बोलणं नगरी ठसक्याचं, पण त्यात इंदूर मुरलेलं. पाळकसाहेबांनासुद्धा त्या "अरे भिया, जरा सुनो तो" म्हणून थांबवत. एकदा कुणी दोघं येऊन दरडावून विचारू लागले, इथे मुलांचा धर्म बदलता का म्हणून. ताई मुलांची नाकं पुसत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "पहिले नाक, मग अ-आ-इ. देवाचा नंबर अजून लागलाच नाहीये," त्या म्हणाल्या. माणसं आली तशी निघून गेली.

सपना त्यांना अशीच एका उंबऱ्यात सापडली. आठ वर्षांची पोर. आई नमकीनच्या कारखान्यात शेव पॅक करायला जायची आणि ही घरी धाकट्या भावाला सांभाळायची. तिची आई म्हणाली, "ताई, ही शाळेत गेली तर बाळाला कोण बघणार?"

"त्यालाही पाठव. झोपता येतं ना त्याला? माझ्या शाळेत झोपायची परवानगी आहे, घरी बसायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून सपना भावाला कडेवर घेऊन येऊ लागली. वर्षभरात ती हाताला येईल ते वाचायला लागली. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सामान बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं मोठमोठ्यानं.

मग चर्चच्या मिशनची माणसं आली. त्यांनी शाळा पाहिली, त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी फोटो काढले. शहराबाहेर राऊला नवीन चर्च-शाळा बांधायची असं ठरलं. मार्थाताईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि हे न मागता आलं होतं. त्या दिवशी त्या माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. पायाभरणीला त्यांनी सगळ्या मुलांना टेम्पोत भरून राऊला नेलं. प्रत्येकाच्या हातून पायाच्या खड्ड्यात मूठभर माती टाकवली. "नीट बघून घ्या," त्यांनी सांगितलं. "ही तुमची शाळा." मुलांनी बघून घेतलं. मीही बघून घेतलं. पुढे जगभर जी मदत मागणारी पत्रं गेली, त्यांवरच्या फोटोंत आमचीच मुलं होती. सपना तर प्रत्येक पत्रावर, कडेवर भाऊ घेऊन.

इमारत उभी राहीपर्यंत कारभार बदलला. नव्या शाळेच्या कमिटीवर सॅम्युएल साहेब म्हणून नवीन सचिव आले. अतिशय गोड बोलणारे. शाळा इंग्रजी माध्यमाची होणार, 'लेव्हल' ठेवावी लागणार, असं ते समजावून सांगत. मला नवीन शाळेत नोकरी मिळाली. पक्की, नेमणुकीचं पत्र देऊन. प्रवेशाआधी सगळ्यांची मुलाखत होईल, नियम सगळ्यांना सारखा, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

सपनाच्या आईनं त्या दिवशी कामावर खाडा केला होता. सपनाचे केस तेल लावून चापून बसवलेले, नवीन रिबिनी. साहेबांनी एक चित्र पुढे केलं आणि त्यात काय दिसतं ते इंग्रजीत विचारलं. सपनाला प्रश्न कळला. तिनं त्या चित्राची आख्खी गोष्ट सांगितली. नदी कुठून आली, बाई कुठे चालली, कुत्रा का रुसला. सगळं आपल्या मराठी-हिंदीत, माझ्याकडे बघून, कारण गोष्ट सांगायला मीच तिला शिकवलं होतं. साहेब हसले, "व्हेरी स्वीट" म्हणाले आणि त्यांनी फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं, 'नॉट रेडी'. त्या दिवशी आमच्या मुलांपैकी तिघं सोडून बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर मी हेच लिहिलं.

मार्थाताई दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत.

"तू लिहिलंस?"

"ताई, मला सांगितलं होतं. मी नसते तर दुसऱ्या कुणीतरी—"

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझं."

"बस, एवढंच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही.

उद्घाटनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल पांघरली. मग त्यांनी प्रार्थना करावी अशी विनंती झाली. त्या माइकपुढे उभ्या राहिल्या. डोळे मिटण्याऐवजी त्यांनी मांडवभर नजर फिरवली. "प्रार्थना करते," त्या म्हणाल्या. "पण पहिले मला कुणी सांगा, ज्यांच्या नावानं मागितलं ती मुलं कुठे आहेत?" साहेबांनी गायकवृंदाकडे पाहून मान हलवली आणि गाणं सुरू झालं. ताईंचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. आम्ही नवे शिक्षक मंचामागे ओळीनं उभे होतो. मी टाळ्या वाजवत होते.

पोलोग्राउंडच्या हॉलला दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप लागलं, ते निघालंच नाही. ताईंनी काही महिने वस्तीतल्या एका ओसरीवर मुलं बसवली. पण एकेक घर कामासाठी दुसरीकडे गेलं, मोठी मुलं कामाला लागली, आणि ताईंना अर्धांगाचा झटका आला. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या. जीभ जड झाली होती, नजर नाही. मी रडले. "ताई, मला माफ करा," म्हणाले.

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "माझ्याकडे कशाला मागतेस? माझं काय घेतलंस तू? जिचं घेतलं, तिच्याकडे जा."

मी गेले नाही. तीन आठवड्यांनी ताई गेल्या. अंत्यविधीला कमिटी झाडून हजर होती. सॅम्युएल साहेबांनी त्यांना शाळेचा पाया म्हटलं आणि नवीन शाळेच्या एका वर्गाला त्यांचं नाव द्यायचं जाहीर केलं. त्या वर्गाची वर्गशिक्षिका मीच आहे.

नंतर एका रविवारी मी सपनाला शोधत गेले. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि आईबरोबर शेव पॅक करते. तिनं मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, पाणी आणलं. ताई गेल्याचं तिला कळलं होतं. मी घरून वाक्य पाठ करून आले होते. "सपना, त्या राऊच्या मुलाखतीचं मला तुला काही सांगायचं आहे," मी सुरुवात केली.

"ते काय मॅडम, सीटाच भरून गेल्या होत्या ना," ती सहज म्हणाली. "ताईंनी सांगितलं होतं घरी येऊन. म्हणाल्या, तू तर पास झाली होतीस, सगळ्यात भारी बोलली होतीस. पण सीटा नव्हत्या, तर मॅडम तरी काय करणार?"

ती माझ्याकडे बघत होती. तिची आई कपडे वाळत घालता घालता थांबली होती.

"हो," मी म्हणाले. "भरून गेल्या होत्या."