धारचे हात

चांगला संघ भिकार खेळला की लोक कारणं शोधायला लागतात, आणि ती निघाली की मी आजही उठून जातो. ऊन फार होतं म्हणे. खेळपट्टीवरची चटई सुरकुतली होती म्हणे. आदल्या दिवशी जेवणात बाफले जास्त झाले, तूप बाधलं. कुणाची तरी दृष्ट लागली. ही सगळी कारणं मी स्वतः तोंड वर करून दिलेली आहेत आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. म्हणून ती दुसऱ्याच्या तोंडून मला ऐकवत नाहीत.

आमचा धारचा संघ चांगला होता. हे मी आपलेपणाने म्हणत नाही. प्लेगची साथ ओसरून गावात पुन्हा माणसं राहायला आली होती, त्या वेळची ही गोष्ट. आम्ही सगळे कारकून. कचेरीतून सुटलो की किल्ल्याखालच्या मैदानावर यायचं, पगड्या बाभळीच्या फांदीला अडकवायच्या, धोतराचा काचा मारायचा आणि दिसेनासं होईपर्यंत क्रिकेट खेळायचं. मी वेगात चेंडू टाकायचो. आमचा कप्तान स्लिपमध्ये उभा राहायचा. त्याच्या हातून झेल सुटलेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. एकदा महूच्या छावणीतून गोऱ्या सोजिरांचा संघ आला होता, त्यांना आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी गुंडाळलं आणि मग त्यांच्याच समोर बसून पेरू खाल्ले.

माझी धाकटी बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती आणि त्या काळी चौदा म्हणजे फार झालं. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. दोन स्थळं आली, पत्रिका पाहून गेली आणि परत फिरकली नाहीत. आई तिला शेजारणींसमोर येऊ देईनाशी झाली. वडील जेवताना बोलायचे थांबले. मग देवासचं एक स्थळ आलं. मुलाच्या पत्रिकेतही मंगळ. पत्रिका जुळली, मुलगी पाहून झाली, मुलाच्या वडिलांनी दोनदा पोहे मागून घेतले. सगळं झालं, फक्त होकार आला नाही. "कळवतो" म्हणून गेले त्याला महिना उलटला. हा मुलगा देवासच्या संघात पहिला फलंदाज होता आणि आमचा सामना देवासशी ठरलेला होता.

बैलांच्या दमण्या जुंपून आम्ही निघालो. इंदूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी देवासला पोहोचलो. आमच्याबरोबर माझे काका होते, वडिलांचे धाकटे भाऊ. प्रत्येक संघाने आपला एक पंच आणायचा अशी रीत होती आणि आमचे पंच नेहमी काका. नियमाला एवढे पक्के की एकदा स्वतःच्या मुलाला त्यांनी शून्यावर बाद दिलं होतं. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूचा दिवा एकाचा, त्या बाजूचा दुसऱ्याचा. पण आमच्याशी खेळायचं म्हटलं की दोन्ही पात्यांची पोरं एका जागी गोळा व्हायची. त्या संध्याकाळी मुलाच्या घरी आम्हा सगळ्यांना जेवण होतं. आग्रह म्हणजे काय, हे तिथे कळलं. मुलाचे वडील स्वतः तुपाची तपेली घेऊन पंगतीतून फिरत होते आणि आमचा एकेक गडी ताटावर आडवा हात धरून "पुरे, पुरे" करत होता.

हात धुताना काका कप्तानाला म्हणाले, "उद्या जरा सांभाळून हं. मुलाकडची माणसं आहेत."

एवढंच. हरा असं कुणी म्हणालं नाही. मी शेजारीच उभा होतो, मीही मान हलवली. आम्हा लोकांत मुलीकडच्याला हे शिकवावं लागत नाही. मुलीकडचा आधी उठतो, शेवटी बसतो, विनोदाला हसतो आणि स्वतः विनोद करत नाही. शिवाय आमच्या अकरांत निम्म्यांची देवासशी काही ना काही सोयरीक होती. कुणाची सासुरवाडी, कुणाचे व्याही. प्रत्येकाने ते वाक्य आपल्यापुरतं ऐकलं.

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी सामना सुरू झाला. देवास आधी फलंदाजीला आलं. माझा तिसरा चेंडू. मुलगा पुढे आला, चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि सरळ कप्तानाच्या पोटाशी गेला. लहान पोरानेही धरला असता असा झेल. कप्तानाने तो दोन्ही हातांत घेतला आणि सोडला. मग माझ्याकडे बघून डोळे किंचित मिटले, माझ्यावर उपकार केल्यासारखे. मला त्या माणसाची किळस यायला हवी होती. पण खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ती किळस नंतर आली आणि मग गेली नाही.

त्यानंतर मी चेंडू हळू आणि पायाशी टाकायला लागलो. मुलाला तो फटका येत होता, तोच एक येत होता. चेंडू सीमेकडे जायचा, आमचा क्षेत्ररक्षक त्याच्यामागे वरातीतल्यासारखा चालत जायचा. आम्हाला वाटलं होतं की एकाला जपायचं आणि बाकीच्या दहांना उडवायचं. तसं होत नाही. एकाचा झेल मुद्दाम सोडलेला हात दुसऱ्याच्या झेलाला वेळेवर पुढे येत नाही. शेवटचे तीन गडी तर क्रिकेट शिकायला आले होते, तेही आम्हाला झोडून गेले. आमचा यष्टिरक्षक चेंडू पायाने अडवत होता. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. सोजिरांच्या सामन्यात आम्ही एकमेकांना आयाबहिणींवरून शिव्या घातल्या होत्या. इथे सगळे एकमेकांना "असू दे, असू दे" म्हणत होते, आणि चांगल्या संघात हे दोन शब्द ऐकू आले की खेळ गेला असं खुशाल समजावं.

आमची फलंदाजी आली तेव्हा काही बिघडलं नव्हतं. त्यांच्या रना जमवणं आम्हाला जड नव्हतं. पण जो तो जायचा, दोन-चार रना काढायचा, पुढचा करील म्हणून बॅट फिरवायचा आणि परत येऊन पाणी मागायचा. दुपारचा चहा व्हायच्या आत आम्ही हरलो, आणि ते हरणंसुद्धा कुणाला लागलं नाही. हरल्यावर आमची माणसं हसत होती याची मला सर्वांत जास्त शिसारी येते.

आमचा गाडीवान मालव्याचा शेतकरी होता. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. दिवसभर तो बैलांजवळ बसून बघत होता. मैदानावरून मुक्कामी परतताना त्याने मला विचारलं, "भिया, तम तो हारवा वास्तेज आया था नी?" हरायलाच आला होतात ना, असं तो विचारत होता. मी त्याला चटई सुरकुतली होती असं सांगितलं.

होकार त्याच संध्याकाळी मिळाला. मुलाचे वडील काकांना म्हणाले, "फार सालस माणसं आहात तुम्ही." धारला आल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली. वडील जेवताना पुन्हा बोलायला लागले. लग्न वैशाखात झालं, चांगलं झालं.

दिवाळसणाला बहीण आणि जावई धारला आले. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी देवासचा संघ आमच्याकडे खेळायला यायचा होता, म्हणून जावई तोवर राहणार होते. माणूस वाईट नव्हता. हसरा, पोरांना खांद्यावर घेणारा. पण ओटीवर चार माणसं जमली की वडिलांची काठी हातात घ्यायचा आणि तो सामना सुरू करायचा. "हे तुमचे चिरंजीव असे धावत आले, मी म्हटलं आने दो, और भिया, असा घुमवला!" वडील "वा वा" म्हणायचे. काका म्हणायचे. मीही म्हणायचो. त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने आम्हाला मारलं. आम्ही त्याला तेवढंही खरं कळू दिलं नव्हतं.

भाऊबीजेच्या दिवशी बहिणीने मला ओवाळलं. मी ओवाळणीला हात खिशात घातला तशी ती म्हणाली, "थांब दादा. आधी एक सांग. तुला त्यांना बाद करता येत नव्हतं?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच केलं ना ते."

"माझ्यासाठी?" तिने निरांजन खाली ठेवलं. "तिथे माझ्या हातून वाटी पडली तरी सासूबाई म्हणतात, धारचे हात, सुटायचंच. दूध उतू गेलं तरी तेच. नणंदा म्हणतात, दीरही म्हणतात. पाहुणे आले की आधी सामना सांगतात आणि मग मला पाणी आणायला बोलावतात. मी पाणी घेऊन गेले की सगळे माझ्या हातांकडे बघतात."

मी काहीतरी म्हणालो, सवय होईल वगैरे.

"ओवाळणी नको मला," ती म्हणाली. "परवा त्यांना एकदा खरं बाद कर. एकदाच. मग त्यांनी पन्नास काढल्या तरी चालतील."

मी तिच्या ताटातल्या सुपारीला हात लावून हो म्हणालो.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला कनात बांधून बायकांची बसायची सोय केली होती. आमच्या घरच्या सगळ्या तिथे होत्या. पहिला चेंडू माझा, समोर जावई. मी बाभळीपासून धावत आलो. इतका मोकळा चेंडू मी वर्षभरात टाकला नव्हता. तो चटईवर पडला, आत वळला आणि मधला स्टंप उपटून मागे तीन हातांवर जाऊन पडला. कनातीच्या आतून कुणीतरी टाळी वाजवली. एकच टाळी.

आणि माझ्या मागून आवाज आला, "नो बॉल!"

काका. हात आडवा करून उभे. माझा पाय रेषेच्या वीतभर मागेच होता, मातीत उमटलेला दिसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, जावई आहेत. दिवाळसणाला आलेत. पहिल्याच चेंडूवर? आपल्या दारात?" आणि मग तो उमटलेला पाय त्यांनी आपल्या वहाणेने सावकाश पुसला. ज्यांनी स्वतःच्या मुलाला शून्यावर घालवलं होतं, तेच हे काका.

मी तिथे चेंडू टाकून देऊ शकलो असतो. ओरडू शकलो असतो. कप्तानाला बोलावू शकलो असतो. निदान पुढचे चेंडू तसेच टाकू शकलो असतो, सहा बाकी होते. कप्तान स्लिपमधून हसला, "असू दे, असू दे." जावईही हसले, म्हणाले, "भिया, बॉल मात्र जोरदार था." मग मीही हसलो. पुढचा चेंडू कुठे टाकला ते आठवत नाही असं मी लोकांना सांगतो. चांगलं आठवतं. हळू, पायाशी, त्यांना आवडतो तिथे. तो सीमेपार गेला आणि मी जागेवर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशीही आम्ही हरलो. संध्याकाळी ओटीवर पुन्हा कारणं निघाली. या वेळी फराळ जास्त झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण निघाली. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, त्यामुळे मला वाटलं की तिने मनावर घेतलं नाही. पायावर पाणी घातलं, ओटी भरली, ती दमणीत बसली. जावई पुढे बसले. आईने बहिणीच्या सासरसाठी चिनी मातीच्या बरणीत लोणचं भरून दिलं होतं. ती बरणी उचलून मी गाडीपाशी नेली आणि वर द्यायला लागलो. बहीण घाईने पुढे वाकली. दोन्ही हातांनी तिने ती माझ्या हातांतून काढून घेतली आणि मांडीवर घट्ट धरली.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "तुझ्या हातून सुटेल."