टर्बोशिवाय खिंडीचा चढ

"भाऊ, टर्बो लावायचा न्हाई. पन इंजिनाची पावर वाढली पायजे. शनवारच्या आत."

दत्ताने हे सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या गाडीखाली आडवा होतो. कामशेतच्या माझ्या गॅरेजात लोक अशाच वेळी येतात.

दत्ता मळवलीचा. जुनी, एक लिटर इंजिनची छोटी गाडी. स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना लोहगडवाडीला सोडायचं, एवढ्यावर त्याचं घर चालतं. गेल्या रविवारी त्याच वाटेवर, गायमुख खिंडीखालच्या चढावर गाडीने मान टाकली. पाहुण्यांना उतरून चालावं लागलं, त्यात एक म्हातारी बाई. पाहुणे ज्या फार्महाउसचे, तिथल्या मॅडम म्हणाल्या, "शनिवारी मी स्वतः बसणार. गाडी चढली तर आमचं सगळं काम तुझं. नाहीतर मी मोठी गाडी ठरवते."

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम हवेवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, मग जास्त पेट्रोल जळतं. त्या जुन्या इंजिनाला हा प्रकार झेपला नसता. दत्ताने शहाणपणाने नको म्हटलं, आणि तिथेच मला कंड सुटली. कंपनीत इंजिन टेस्टिंगला आयुष्य घालवलेला माणूस मी. रिटायर झाल्यापासून क्लचच्या केबली बदलून कंटाळलो होतो.

"टर्बो कशाला? इंजिनाला नीट श्वास घेऊ दे," मी म्हणालो. डॉक्टरसारखं बोललं की गिऱ्हाईक गप्प बसतं.

एअर फिल्टर मोकळा बसवला. एक्झॉस्टचा पाइप जाड टाकला. प्लग नवे. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग पुण्याच्या एका मित्राकडून बदलून आणलं. मग जुन्या हायवेवर ट्रायल घेतली. गाडी अशी सुटली की दत्ता शिट्टी वाजवायला लागला.

"लय भारी, भाऊ!"

मीही फुगलो. इतका, की शनिवारी कौतुक ऐकायला स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मागे मॅडम आणि त्यांचे दोन पाहुणे. माझं वजन कुणी हिशेबात धरलं नव्हतं, आणि ते धरण्यासारखं आहे.

भाजे गाव मागे पडलं. चढ सुरू झाला. सेकंड गिअरमध्ये गाडी घुसमटली. दत्ताने फर्स्ट टाकला. आवाज रेसच्या गाडीचा, चाल बैलगाडीची. वळणावर क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी थांबली.

"काका, तुम्ही इंजिनिअर आहात ना?" मागून मॅडम.

"आहे," मी म्हणालो. त्या क्षणी नाही म्हणायला आवडलं असतं.

सगळे उतरले. दत्ता स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होता. "भाऊ, आदी मागं दगड लावा," एवढंच बोलला. मी दगड घेऊन मागच्या चाकाशी वाकलो. गुडघे वाजले. नाक टायरला लागलं, आणि टायरवरचा नंबर डोळ्यांसमोर आला.

"दत्ता, हे टायर कंपनीचे नाहीत."

"न्हाईत. मोठं टाकलेत. वडिवळ्याला भाडं असलं की चेंबर घासतो ना."

चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी. आमच्याकडच्या कच्च्या वाटांना मधोमध उंचवटा, म्हणून निम्मा मावळ एक साइज मोठे टायर घालतो. माझ्या गाडीलाही तेच. त्यामुळे ते माझ्या डोळ्यांना दिसेनासेच झाले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इंजिनाचं इचारलंत. टायरचं कुटं इचारलंत?"

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण ओढ कमी पडते. सायकलवर जड गिअर टाकून चढ चढण्यासारखं. त्यावर माझी कारागिरी. मोकळा श्वास, जाड पाइप, यांचा फायदा इंजिन जोरात फिरतं तेव्हा. चढावर ते हळू फिरतं, आणि तिथे मी होती तीही ओढ घालवली होती. हायवेवर हे कळणार कसं?

मॅडमना मी सरळ सांगितलं, "चूक माझी आहे, याची नाही. एक शनिवार द्या." त्यांनी घाम पुसत दत्ताकडे पाहिलं. "एकच," म्हणाल्या.

कंपनीचे जुने टायर दत्ताच्या गोठ्यामागे सापडले. एकात त्याच्या आईने कोथिंबीर लावली होती. ती उपटताना त्या माउलीने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टायर बसवले, जुना एक्झॉस्ट, जुना फिल्टर, जुनं सेटिंग. क्लचप्लेट नवी टाकली, माझ्या खर्चाने.

पुढच्या शनिवारी गाडी रडतखडत, फर्स्ट गिअरमध्ये, पण न थांबता खिंडीत पोचली. या वेळी मी गाडीत नव्हतो, त्याचाही हातभार लागला असणार. दत्ताचा फोन आला. "चढली. काम मिळालं." आणि लगेच पुढे, "आता मॅडमच्याच गेटातनं आत जाताना चेंबर घासतो."

म्हणून तो पाहुण्यांना गेटाबाहेरच उतरवतो. सपाटीवर चालायला कुणाची तक्रार नसते.

पॉवर म्हणाल तर एका घोड्याचीही वाढली नाही. आता कुणी 'गाडी ओढत नाही' म्हणत आलं, की मी आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि चारही टायर वाचतो. वाकवत नाही, म्हणून त्यासाठी एक बुटकं स्टूल करून घेतलंय. बॉनेट नंतर.